पणजोबांचं नाव सरकारी कागदात कसं शोधायचं? केशोरीच्या उदाहरणातून समजून घ्या

जातवैधतेचा अर्ज भरताना, वनहक्काचा दावा करताना किंवा शेतीची वारसनोंद लावताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. आजोबांचे वडील कोण आणि त्याचा पुरावा काय? घरातली माणसं नाव सांगतात, गावही सांगतात. कागद मात्र कुणाकडेच नसतो. मग मोबाईलवर आडनाव टाकून शोध सुरू होतो आणि हाती काहीच लागत नाही.

हाती न लागण्याचं कारण असं, की शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या माणसाची नोंद बहुतेक वेळा आडनावाने झालेलीच नसते. ती गावाच्या नावाने, जमिनीच्या नंबराने आणि बापाच्या नावाने झालेली असते. त्यामुळे आडनाव धरून शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि गाव व जमीन धरून शोधणाऱ्याला बरेचदा काहीतरी सापडतं.

हे नीट समजण्यासाठी एक गाव घेऊ. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी. धानाची शेती, मामा तलाव, आजूबाजूला जंगल आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. या गावातल्या एखाद्या कुटुंबाला आपल्या पणजोबांचा माग काढायचा असेल तर सुरुवात कुठून करायची? पूर्व विदर्भातल्या बहुतेक गावांना हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते.

हा शोध घ्यावा का लागतो?

घराण्याचा इतिहास हा अनेकांसाठी हौसेचा विषय असतो. पण केशोरीसारख्या भागात त्यावर शिक्षण, नोकरी आणि जमीन अवलंबून असते.

पहिलं कारण जातवैधता. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी २००० च्या कायद्यानुसार होते. या पडताळणीत काही तारखा महत्त्वाच्या असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपलं कुटुंब त्या तारखेच्या आधीपासून इथलंच आणि त्याच जातीचं होतं, हे दाखवणारा कागद लागतो. आज अठरा वर्षांच्या मुलासाठी तो कागद आजोबांचा किंवा पणजोबांचाच असणार.

दुसरं कारण वनहक्क. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी असे दोन गट आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन ताब्यात असणं ही अट दोघांनाही आहे. पण जे अनुसूचित जमातीचे नाहीत त्यांना आणखी एक गोष्ट दाखवावी लागते. त्या तारखेपूर्वी किमान तीन पिढ्या त्या भागात वास्तव्य असलं पाहिजे. कायद्यात एक पिढी पंचवीस वर्षांची धरली आहे. म्हणजे पंच्याहत्तर वर्षं. २००५ मधून पंच्याहत्तर वजा केले की १९३० येतं. जंगलाला लागून शेती करणाऱ्या बिगर-आदिवासी कुटुंबासाठी १९३० च्या आधीचा एक कागद काय किमतीचा असेल, हे यावरून लक्षात येईल.

तिसरं कारण वारसनोंद. सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं किंवा त्यांच्या भावांचं नाव तसंच राहिलेलं असतं. वाटणी, कर्ज, धान खरेदी केंद्रावरची नोंदणी या सगळ्यात ते आडवं येतं.

अमेरिकेत सोपं, मग आपल्याकडे अवघड का?

समाजमाध्यमांवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. कुणीतरी आपल्या शेतकरी खापरपणजोबांचं नाव टाकतो आणि पडद्यावर जनगणनेचं जुनं पान उघडतं. त्यात नाव, वय, बायको, मुलं, धंदा सगळं असतं. हे खरं आहे. अमेरिकेत जनगणनेची माणसागणिक पानं बहात्तर वर्षांनी सर्वांसाठी खुली होतात. १९५० च्या जनगणनेची पानं १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. त्याशिवाय तिथे काउंटीच्या कचेरीत जमिनीचे कागद असतात, चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी असतात. अर्थात तिथेही सगळं मिळत नाही. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर कायमचे गेले.

भारतात मात्र जनगणनेतली वैयक्तिक माहिती खुली होतच नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने ती गोपनीय ठरवली आहे. ती कुणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. आपल्याला मिळतात ते फक्त आकडे. गावाची लोकसंख्या किती, घरं किती, एवढंच. म्हणून अमेरिकेतली युक्ती इथे चालत नाही.

पण इंग्रज सरकारला आपल्याकडच्या दोन गोष्टींत फार रस होता. शेतसारा आणि रोगराई. सारा कोण भरतो हे कळायला जमिनीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. पटकी, देवी, ताप यांनी किती माणसं मरतात हे कळायला जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवल्या गेल्या. पणजोबांचं नाव सापडलं तर ते बहुधा या दोनपैकी एका ठिकाणी सापडतं.

आधी शोधा: त्या साली गाव कुणाच्या हद्दीत होतं?

इथेच सर्वात जास्त लोक चुकतात. आज केशोरी गोंदिया जिल्ह्यात आहे म्हणून ते गोंदियाच्या कचेरीत जातात. पण गोंदिया जिल्हा जन्माला आला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. अर्जुनी मोरगाव तालुकाही पूर्वी वेगळा नव्हता. हा भाग साकोली तहसिलीत मोडायचा.

राज्यही बदलत गेलं. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५३ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. पुढे वऱ्हाड जोडला गेला आणि ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असं नाव रूढ झालं. १९५० मध्ये त्याचंच मध्य प्रदेश झालं आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

म्हणजे घर न बदलता एकाच गावातला माणूस मध्य प्रांतात जन्मला, मध्य प्रदेशात त्याचं लग्न झालं, मुंबई राज्यात त्याला मुलं झाली आणि महाराष्ट्रात तो वारला, असं होऊ शकतं. त्याच्या प्रत्येक टप्प्यावरच्या कागदाचा नमुना वेगळा, भाषा वेगळी आणि कचेरीही वेगळी.

म्हणून शोधाला निघण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा. साल, त्या सालचा जिल्हा आणि त्या सालची तहसील. १९२५ चा कागद हवा असेल तर अर्जावर ‘मौजा केशोरी, तहसील साकोली, जिल्हा भंडारा’ असं लिहा. अभिलेख कक्षातले जुने बस्ते त्या काळच्या नावांनीच बांधलेले असतात. गोंदियात न मिळालेला कागद भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षात मिळू शकतो. नागपूरच्या पुराभिलेखागारात प्रांताच्या काळातली कागदपत्रं असतात.

सुरुवात घरातूनच

कचेरीत जाण्याआधी घरातली पेटी उघडा. जुनी खरेदीखतं, सोसायटीच्या कर्जाचे कागद, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, टी.सी., कोर्टाचे समन्स. वनविभागाने अतिक्रमणासाठी केलेल्या दंडाची पावतीही फेकू नका. ज्या पावतीची तेव्हा लाज वाटली, तीच आज ‘आमचा आजा त्या साली त्या जागेवर होता’ याचा पुरावा ठरू शकते.

जुन्या खासगी कागदांवर कधी शक असतो. शके १८३० म्हणजे १९०८-०९, असं ७८ मिळवून साधारण इसवी सन काढता येतं.

मग घरातल्या सर्वात वयस्कर माणसाशी बोला. पण ‘आपला वंश सांगा’ असं विचारू नका. त्याने कुणालाच काही आठवत नाही. त्याऐवजी असं विचारा:

- आपलं शेत कोणत्या तलावाखाली होतं? बांधाला बांध कुणाचा लागायचा?
- आजा शाळेत गेला होता का? कोणत्या गावच्या?
- आजी माहेरची कुठली? तिचे भाऊ कोण?
- घरात ठेवलेलं नाव आणि कागदावरचं नाव एकच होतं का?
- कुटुंब दुसऱ्या गावाहून आलं का? धरणात गाव गेलं का?

शेवटचा प्रश्न या तालुक्यात महत्त्वाचा. इटियाडोह धरणासाठी जमिनी गेल्या. ज्यांचं शेत बुडालं त्यांची नावं भूसंपादनाच्या कागदात असतात, कारण मोबदला द्यायला नाव, क्षेत्र आणि वारस लिहावेच लागतात.

कोतवाल बुक म्हणजे काय?

विदर्भात जातपडताळणीच्या संदर्भात हा शब्द सारखा ऐकू येतो. मध्य प्रांतात कोतवाल हा गावचा राखणदार होता. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात पोहोचवणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्याजवळ एक वही असे. त्याला लिहिता येत नसेल तर नोंद दुसरा कुणी करून देई. पुढे हेच कागद तहसिलीत जमा झाले. आज ‘कोतवाल बुकाची नक्कल’ मागितली जाते ती याची.

या नोंदीत साधारणपणे तारीख, गाव, बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढं असतं. मृत्यू असेल तर वय आणि कारण. एक गोष्ट पाहून मात्र अनेकांचा हिरमोड होतो. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. कारण बारसं व्हायच्या आधीच खबर ठाण्यात गेलेली असते. म्हणून ‘अमुक वल्द तमुक यास मुलगा झाला’ एवढीच ओळ मिळते.

मग तो मुलगा म्हणजे आपले आजोबाच, हे कसं ठरवायचं? शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख जवळपास जुळते का ते पाहा. त्या बापाला त्या सालच्या मागेपुढे आणखी मुलं झाली का तेही पाहा. एकाच नोंदीवर थांबू नका. त्या बापाच्या नावाच्या सगळ्या नोंदी काढल्या की भावंडांचा क्रम लागतो आणि घरच्यांनी सांगितलेल्या क्रमाशी तो ताडून पाहता येतो.

या वह्यांत गावाचं दुःखही दिसतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांताला झोडपलं. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. एखादी शाखा त्या सुमारास अचानक संपलेली दिसली, किंवा मूल मामाच्या गावी वाढलेलं दिसलं, तर कारण तिथे शोधावं.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती अशा शेतमजूर कुटुंबांसाठी कोतवाल बुक फार मोलाचं आहे. जमिनीच्या दप्तरात त्यांचं नाव सहसा नसतं. पण जन्म आणि मरण सर्वांच्याच घरी होतं.

जमिनीचा कागद: मालगुजारापासून सातबाऱ्यापर्यंत

पूर्व विदर्भात जमिनीची पद्धत पश्चिम महाराष्ट्रासारखी नव्हती. तिकडे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. इकडे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात गावाची मालकी मालगुजाराला दिली गेली. शेतकरी त्याचा कूळ. काही भाग जमीनदारीत होता. या भागातल्या तलावांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, त्यातलं ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी.

बंदोबस्त म्हणजे जमीन मोजून, कूळ कोण आणि सारा किती हे ठरवण्याची सरकारी मोहीम. ती काही दशकांनी पुन्हा व्हायची आणि प्रत्येक वेळी गावाच्या कुळांची यादी नव्याने बने. दोन बंदोबस्तांच्या याद्या शेजारी ठेवल्या की एकाच शेतावर आधी बाप आणि नंतर मुलगा दिसतो. शेतच दोन पिढ्यांना जोडून देतं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क सरकारकडे आले. त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास नवा ‘अधिकार अभिलेख’ तयार झाला. पूर्व विदर्भातल्या कुटुंबासाठी हा फार कामाचा कागद आहे. जुन्या बंदोबस्ताचे नंबर मागे आणि नव्या नोंदी पुढे, असा तो दोन काळांना जोडणारा पूल आहे. १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि आजच्या सातबारा-फेरफाराची चौकट आली.

शोध मात्र उलट्या दिशेने करायचा. आजच्या सातबाऱ्यावरचा गट किंवा सर्व्हे नंबर घ्या. त्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक घेऊन जुने फेरफार काढा. वारसाच्या फेरफारात मृताचं नाव, मृत्यूची तारीख आणि सगळ्या वारसांची नावं असतात. म्हणजे तयार वंशावळच. तिथून अधिकार अभिलेखातला नंबर आणि तिथून बंदोबस्ताचा नंबर गाठा. नंबर बदलले असतील तर भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गाव नकाशा आणि नवा नकाशा ताडून पाहावा लागतो.

कागदावरचे शब्द लागतात कसे?

जुना कागद मिळाला तरी वाचताना अडायला होतं. अनेक शब्द फारसी वळणाचे आहेत.

- वल्द: अमक्याचा मुलगा. ‘अमुक वल्द तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा अमुक.
- जौजे: अमक्याची बायको.
- बेवा: विधवा. नवरा वारल्यावर जमीन नावावर आली की बाईचं नाव अशा रीतीने दिसतं.
- साकिन: राहणार.
- मौजा: महसुली गाव.
- सीर आणि खुदकाश्त: मालगुजाराची स्वतःच्या वहिवाटीतली जमीन.
- मौरूसी: वंशपरंपरेने वहिवाटीचा हक्क असलेलं कूळ.
- मालिक मकबूजा: मालगुजाराच्या गावात असूनही आपल्या तुकड्याचा स्वतः मालक असलेला.
- शिकमी: कुळाच्याही हाताखालचं कूळ.

‘बेवा’ आणि ‘जौजे’ या शब्दांकडे नीट लक्ष द्या. पुरुषांच्या वंशावळीत बायका सहसा गाळल्या जातात. पण पणजोबा तरुणपणी वारले असतील तर मुलं सज्ञान होईपर्यंत शेत पणजीच्या नावावर राहिलेलं असू शकतं. फक्त पुरुषाचं नाव शोधणाऱ्याला ती ओळ दिसूनही कळत नाही.

भाषेचं म्हणाल तर या भागातले कागद मराठीत मिळतात तसे हिंदीतही मिळतात. जुने काही मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्यांची मागणी किती वाढली हे २०२३ पासून महाराष्ट्राने पाहिलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या काळात कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावचे बस्ते उघडले गेले, तेव्हा अडचण कागदांची जितकी तितकीच ते वाचणाऱ्यांचीही होती.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर

आजोबा एक वर्ष जरी शाळेत गेले असतील तरी त्यांचं नाव दाखल-खारीज रजिस्टरात असतं. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि नाव कमी केल्याची तारीख. जातपडताळणीत या नोंदीला चांगलं वजन असतं.

इथेही मालक बदलत गेले. जिल्हा कौन्सिल, मग १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा आणि १९६२ पासून जिल्हा परिषद. शाळा बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर नव्या शाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारावं. आणि फक्त आपल्या गावची शाळा पाहून थांबू नका. पूर्वी मुलं मोठ्या गावी, नातेवाइकांकडे राहून शिकत.

भाट, परधान आणि तीर्थावरच्या वह्या

कागदाच्या आधी वंश तोंडी सांभाळला जायचा. गोंड समाजात परधान हे काम करत आले. गोत्र, देव आणि घराण्याच्या कथा ते गाऊन सांगत. चार, पाच, सहा, सात देवांची गणना आजही सोयरीक ठरवताना पाहतात. इतर जातींत भाट येत. उत्तरेकडे तीर्थयात्रेला गेलेल्यांची नावं पंड्यांच्या वह्यांत असतात. हरिद्वारच्या अशा वह्यांचं चित्रीकरण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने केलं आहे. पणजोबा काशी, प्रयाग, गयेला गेले असतील तर तिथल्या पंड्याकडे गावाचं नाव सांगून विचारता येतं. तिथेही आधी गाव विचारतात, मग जात, मग नाव.

तोंडी इतिहास ऐकावा, पण तो कागदाशी ताडून पाहावा. या भागातले तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाबद्दल अशी कथा आहे, की चांद्याच्या गोंड राजाने त्यांना बनारसहून आणलं. पोवार समाजात धार-माळव्याहून आल्याची परंपरा सांगतात. अशा कथा समाजाच्या असतात. एखाद्या घराचा पणजोबा कोण होता, हे त्यातून कळत नाही.

डीएनए चाचणीचंही तसंच. ती दूरच्या नात्याचा अंदाज देते. पणजोबांचं नाव, गाव किंवा जात ती सांगत नाही.

नाव तेच, माणूस दुसरा

एकाच गावात त्या काळी एकाच नावाची चार माणसं सहज असायची. म्हणून फक्त नाव जुळलं म्हणून खूश होऊ नका. बापाचं नाव, गाव, जात, जमिनीचा नंबर आणि काळ अशा पाच गोष्टी घ्या. त्यातल्या किमान तीन जुळल्या तरच पुढे जा. जन्माच्या वेळी बापाचं वय बारा निघत असेल, तर तो बाप दुसराच.

नावं वेगवेगळी लिहिलेली असतात हेही लक्षात ठेवा. पांडुरंगचा पांडू, सखारामचा सखा, सोमाजीचा सोमा. आडनाव एका कागदावर नाही, दुसऱ्यावर आहे, तिसऱ्यावर वेगळंच आहे, असंही होतं. भाऊ वेगवेगळ्या आडनावांनी राहिलेले आढळतात.

जातीच्या शब्दाबाबत मात्र फार काळजी घ्या. तिथे एका शब्दाने सगळं बदलतं. ‘हलबा कोष्टी’ म्हणजे ‘हलबा’ असं वाचता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० मध्ये मिलिंद प्रकरणात सांगितलं. ‘गोवारी’ म्हणजे ‘गोंड गोवारी’ नव्हे, हा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये आला. दोन्ही प्रकरणं विदर्भाच्या हजारो कुटुंबांशी जोडलेली होती.

दुसरीकडे, जुन्या कागदाचं वजनही न्यायालयाने मान्य केलं आहे. २०११ च्या आनंद प्रकरणात स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त पुरावामूल्य असल्याचं सांगितलं गेलं. चालीरीती, बोली, देव यांवरून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नाही, हे मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं.

नक्कल मागायची कशी?

१. तहसील कार्यालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. मौजा, जुनी तहसील, सालाचा अंदाज, नाव आणि बापाचं नाव लिहा. सालाचा अंदाज पाच वर्षांचा ठेवा. ‘१९२० ते १९५०’ असं लिहिलं तर बस्ता उघडायला कुणी तयार होत नाही.

२. प्रमाणित नक्कलच घ्या. मोबाईलवर काढलेला फोटो वाचायला चालतो, पुरावा म्हणून चालत नाही.

३. ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी घ्या. नोंद नाही, बस्ता जीर्ण आहे की बस्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती ते विचारा.

४. उत्तरच मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्याला सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

५. काही जिल्ह्यांचे जुने महसुली कागद शासनाने स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत. आपला जिल्हा आणि तालुका त्या यादीत आहे का, ते आधी पाहा.

वनहक्काच्या दाव्यात मात्र कागद नाही म्हणून हात टेकण्याची गरज नाही. नियमांनी पुराव्याचे अनेक प्रकार मान्य केले आहेत. जुन्या सरकारी नोंदीतल्या माणसापर्यंत पोहोचणारी वंशावळ हा त्यातला एक. दावेदार सोडून इतर वृद्धांचं लेखी निवेदन हा दुसरा. विहिरी, समाध्या, देवस्थानं यांसारख्या जागाही धरल्या जातात. एकाहून जास्त पुरावे लागतात, पण अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही.

या चुका टाळा

‘पन्नास हजारांत १९४० चा कागद काढून देतो’ असं सांगणारे दलाल भेटतात. जातपडताळणीत दक्षता पथक मूळ वहीत जाऊन नोंद पाहतं. शाई वेगळी, अक्षर वेगळं, ओळींच्या मध्ये घुसवलेलं नाव, हे लगेच दिसतं. खोट्या कागदावर घेतलेला प्रवेश आणि नोकरी जाते, गुन्हाही दाखल होतो आणि भावा-पुतण्यांचे खरे दावेही संशयात येतात.

उलट, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला आधीच रीतसर वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत जरूर घ्या. त्याच्या प्रकरणात लागलेले जुने कागद तुमच्याही पणजोबांचे असू शकतात.

आणखी एक. पूर्ण वंशावळ जन्मतारखा आणि कागदांच्या फोटोंसह फेसबुकवर किंवा मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. जमिनीचा वाद असलेल्या घरात तिचा गैरवापर होतो, आणि जिवंत माणसांची माहिती त्यांना न विचारता पसरते.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

एक वही घ्या. एका पानावर एक माणूस. नाव, बोलीतलं नाव, बाप, आई, गाव, शेत, शाळा आणि ही माहिती कुठून मिळाली ते. सांगीव माहिती पेन्सिलीने, कागदावरची पेनाने लिहा. मग आजच्या सातबाऱ्यावरचे जुने फेरफार मागवा. बहुतेक कुटुंबांना एक पिढी मागे जायला तेवढंच पुरतं. त्याच्या मागच्या पिढीसाठी भंडाऱ्याची वारी करावी लागेल.

पण कचेरीतला बस्ता आणखी वर्षभर तिथेच राहील. गावात ज्या आजीला ‘त्या तलावाखाली आपला बांध होता’ हे आठवतं, तिचा भरवसा नाही. म्हणून अर्ज नंतर लिहा, आधी तिच्याजवळ जाऊन बसा.